बिनभाड्याचं घर

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या पाठीमागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठीही आहे. इतकी जुनी, की त्या काळी राजे दिलेला शब्द पाळत असत.

अशाच एका राजाने मोठा तलाव बांधायला घेतला. तलाव झाला की चार परगण्यांची तहान भागणार होती, पण त्यापायी एक गाव पाण्याखाली जाणार होतं. राजाने त्या गावच्या लोकांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "तुमची घरं मी घेतोय, तेव्हा तुम्हाला घरं देणं माझ्यावर आहे. राजधानीत, नदीकाठी आणि डोंगरावर घरं रिकामी आहेत. तिन्ही ठिकाणी एकेक महिना राहून बघा. तिथल्या रीतीप्रमाणे जे द्यावं लागेल ते देत चला. जे घर परवडेल ते पाडव्याच्या आधी माझ्या कारभाऱ्याला कळवा. मात्र एकदा कळवलं की बदलायचं नाही."

शब्द पाळणारा राजा म्हणजे सढळ हाताचा राजा, असं मात्र समजू नका. भाडं ज्याचं त्याने द्यायचं होतं.

त्या गावात बहिरू नावाचा घोंगडी विणणारा राहत होता. त्याची बायको गिरजा लोकर पिंजायची, सूत कातायची, आणि त्या सुतावर बहिरूचा माग चालायचा. दोघांना चिमा नावाची लहान मुलगी होती. आता तीन महिने या घरातून त्या घरात बिऱ्हाड हलवायचं, त्यात पोरीचे हाल नकोत, म्हणून त्यांनी चिमाला गिरजाच्या थोरल्या भावाकडे ठेवायचं ठरवलं.

हा भाऊ म्हणजे सिदोबा. त्याला मूलबाळ नव्हतं आणि भाचीवर त्याचा फार जीव होता. तो म्हणाला, "पोर आनंदाने ठेवून घेतो. पण दाजी, परत न्यायला याल तेव्हा एक दाखवा. नव्या घरात सगळं देऊन-खाऊन महिन्याला एक घोंगडं शिल्लक पडतंय, एवढं दाखवा आणि घेऊन जा. ते जमलं नाही तर चिमा माझ्याकडेच वाढेल. पोरीला उपाशी घरात पाठवणार नाही मी."

गिरजाने चिमाच्या मुठीतून आपला पदर सोडवला. बहिरूने छाती पुढे काढून म्हटलं, "एकच ना? दाखवतो की."

तुम्ही म्हणाल, हिशेब घोंगड्यांत कसा? अहो, त्या काळी नाणी खणखणायची ती राजाच्या खजिन्यात. गरिबाघरी ज्याचा त्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या कामात असायचा. कुंभार म्हणायचा, हे घर महिन्याला वीस मडकी खातं. बहिरू म्हणायचा, हे घर महिन्याला इतकी घोंगडी खातं. आणि मोजायची त्याला भारी हौस होती. जेवताना भाकरीचे तुकडेसुद्धा तो मोजून करायचा.

पहिला महिना राजधानीत गेला. घर नेटकं होतं, छप्पर पक्कं होतं, पण एवढंसं. आता घोंगडं विणायचं तर आधी लोकरीचा लांबलचक ताणा उन्हात पसरावा लागतो, त्याला चिंचोक्यांची खळ लावून तो वाळवावा लागतो. राजधानीच्या बोळात ताणा पसरायचा कुठे? बहिरूने एका व्यापाऱ्याचं अंगण भाड्याने घेतलं. पाणी पखालवाला दारात आणून ओतायचा, त्याचंही द्यावं लागायचं. सकाळी दार उघडलं की कोणी ना कोणी काहीतरी मागायला उभं असायचं.

महिनाभरात आठ घोंगडी झाली. चार घराच्या भाड्यात गेली, एक अंगणाच्या, एक पाण्याच्या, आणि दोन पोटापाण्याला. खाली उरली नुसती मागावरची लोकर.

"हे घर नाही, बकासुर आहे," बहिरू म्हणाला आणि त्याने माग सोडून गाडीत टाकला.

दुसरा महिना नदीकाठच्या गावात. इथे मागच्या बाजूला मोठं, मोकळं अंगण होतं, ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि अंगणातच विहीर. गिरजाने विहिरीत डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. भाडं तीन घोंगडी, पोटाला तीन, कारण इथे घोंगड्याला राजधानीचा भाव नव्हता. सगळं कसं बेतात होतं. पण त्या गावाची एक रीत होती, आणि ती बहिरूच्या घशाखाली उतरेना. दर बाजाराच्या दिवशी प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाने नदीच्या बांधावर माती टाकायला जायचं. सबब चालायची नाही. त्या दिवशी सावकारही डोक्यावर पाटी घेऊन दिसायचा.

"भाडं घेता ते घेता, वर मलाही घेता," बहिरू पाटी आपटत कुरकुरला.

शेजारचा म्हातारा फावडं मारता मारता म्हणाला, "बाबा, आम्ही नुसते दिवस घेतो. बांध फुटला तर नदी घरच घेऊन जाईल."

बहिरूला ते पटलं नाही. बांधावर गेलेल्या दिवसांत माग थांबला होता आणि आठाऐवजी सातच घोंगडी झाली होती. हे त्याच्या बरोबर लक्षात होतं. सातातून सहा गेली, एक उरलं.

"उरलं की एक," गिरजा म्हणाली. "चला, चिमाला आणू."

"अगं, अजून डोंगर बघायचाय. इथे बांधावर माझं एक घोंगडं फुकट गेलं, ते धरलंस का तू?"

गिरजाने ते धरलं नव्हतं. तिने फक्त चिमाला भेटायला किती दिवस राहिले, ते मनात धरलं होतं. पण तिने माग उचलायला हात लावला.

तिसऱ्या महिन्यात ते डोंगरावर पोहोचले. तिथल्या पाटलाला बहिरूने भाडं विचारलं, तेव्हा पाटील त्याच्याकडे बघतच राहिला. "भाडं? वर राहायला माणूस येतोय हेच आम्हाला अप्रूप. राहा की खुशाल."

बहिरूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं. पाटलाने पुन्हा तेच सांगितलं. घर केवढं तरी मोठं होतं. अंगणात एक सोडून तीन ताणे पसरता आले असते. संध्याकाळी ओसरीवर बसलं की खाली सगळा मुलूख दिसायचा, आणि त्या मुलखातली सगळी भाडं भरणारी माणसं बहिरूला मनातल्या मनात वेडी वाटायची.

पाणी तेवढं खाली झऱ्यावर होतं. पण तेही फुकट.

उजाडायच्या आत गिरजा हंडा-कळशी घेऊन झऱ्याची वाट उतरायची. वाट उभी होती, दगड सुटे होते. फाल्गुन लागला तसा झरा आटत चालला, मग वाटीवाटीने पाणी भरावं लागायचं. ती वर यायची तोवर ऊन चढलेलं असायचं. भाकऱ्या झाल्या की पुन्हा खाली. येताना सरपण. दोरीने तिचे तळवे चिरत गेले, आणि चिरलेल्या तळव्यांत लोकर अडकायला लागली, त्यामुळे सूत सारखं तुटायचं.

बहिरू मागावर बसून सुताची वाट बघायचा. कधी कधी दिवसाचे दोन-दोन प्रहर तो नुसता बसून असायचा.

"तुझा हात हल्ली मंद झालाय गं," तो म्हणाला.

"होय," गिरजा म्हणाली आणि दिव्याची वात वर करून कातत राहिली.

महिना संपला. घोंगडी पाचच झाली होती. बहिरूने त्याचं खापर डोंगरावरच्या वाऱ्यावर फोडलं. धान्य गाढवांवरून वर यायचं, इथेही पोटाला तीन गेली. पण भाडं काहीच नव्हतं, पाण्याचं काहीच नव्हतं, अंगणाचं काहीच नव्हतं. पाचातून तीन गेली, दोन उरली. बहिरूने दोन्ही घोंगड्यांच्या घड्या घातल्या, त्यांच्यावर थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या भावाने एक मागितलं होतं. आपण दोन दाखवू. घर ठरलं."

पाडवा चार दिवसांवर आला होता. वाटेत सिदोबाचं गाव लागायचं. आधी चिमाला घ्यायचं आणि तिथून तसंच कारभाऱ्याकडे जाऊन डोंगराचं घर कळवायचं, असा बेत ठरला.

चिमा अंगणात खेळत होती. आईला बघून ती धावत आली, पण जवळ येऊन थबकली, मग लाजली, मग एकदम मांडीत शिरली. गिरजा तिच्या केसांतून हात फिरवायला लागली.

"आई, केस अडकतायत," चिमा म्हणाली आणि डोकं बाजूला घेतलं.

गिरजाने हात पदराखाली घेतले. सिदोबाच्या बायकोच्या, म्हणजे चिमाच्या मामीच्या, ते नजरेत आलं.

पानं वाढली गेली. बहिरूने दोन्ही घोंगडी सिदोबापुढे ठेवली आणि तिन्ही घरांची गोष्ट रंगवून सांगितली. राजधानी म्हणजे बकासुर, नदीकाठ म्हणजे बिनपगारी वेठ, आणि डोंगर म्हणजे सुख. सिदोबाने घोंगडं उलगडून बघितलं, वीण पारखली, मान डोलावली.

बहिरूला चेव आला. "आणि दादा, अजून तर पुढेच आहे. आत्ता दोन उरतात. चिमा आली की पाण्याला हातभार लागेल. आत्ता कळशी आणेल, दोन वर्षांनी हंडा आणेल. मग गिरजाला कातायला वेळ मिळेल. मग बघा, तीन काय, चार उरतील."

मामीचा वाढता हात थांबला. सिदोबाने घोंगडं खाली ठेवलं.

"गिरजा," तो म्हणाला, "हात दाखव."

"जेव ना दादा, निवतंय सगळं."

"हात दाखव."

गिरजाने हात पुढे केले. सिदोबाने ते बराच वेळ बघितले. मग तो शांतपणे म्हणाला, "दाजी, दोन घोंगडी उरली, हे मला दिसतंय. माझी बहीण किती उरलीय, ते मोजलंत का?"

बहिरूच्या हातातला घास हातातच राहिला. हे हात रोज त्याच्यासमोर होते. याच हातांनी केलेली भाकरी तो रोज खात होता. तरी त्याने ते आज पहिल्यांदा पाहिले.

"बोलली का नाहीस?" तो गिरजाला म्हणाला.

"बोलून काय झालं असतं? दादाला दाखवायचं घोंगडंही हिशेबातून गेलं असतं," गिरजा म्हणाली. "मला माझी पोर हवी होती. त्यापुढे हाताचं काय."

"आणि मलाही तीच काळजी आहे," सिदोबा म्हणाला. "आज हिने सोसलं. उद्या ही मुलगी सोसेल आणि तीही बोलणार नाही, कारण आईला बघून शिकेल. दाजी, घोंगडी घेऊन जा. चिमा इथे राहील."

बहिरू उठून बाहेर गेला आणि गोठ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. मुलांनो, लाज वाटणं काही वाईट नसतं. ती जिथे वाटायला हवी तिथे वाटली तर माणूस तिथून शहाणा होऊन उठतो.

थोड्या वेळाने गिरजा पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही.

"दिवसातून किती वेळा उतरायचीस गं झऱ्यावर?"

"मोजलं नाही मी," गिरजा म्हणाली. "मोजायचं काम तुमच्याकडे होतं."

ते त्याला टोचलं आणि टोचायलाच हवं होतं. बहिरूने तिन्ही घरं पुन्हा मनात उभी केली. नदीकाठी बाजाराच्या दिवशी त्याचा स्वतःचा दिवस गेला, तर त्याने त्याचं एक अख्खं घोंगडं तोट्यात धरलं होतं. डोंगरावर गिरजाचा रोजचा दिवस गेला, आणि त्याचा त्याने लोकरीचा एक धागाही धरला नव्हता. पखालवाल्याने पाणी आणलं तेव्हा पाण्याला किंमत होती. गिरजाने आणलं तेव्हा पाणी फुकट झालं. बिनभाड्याचं घर बिनभाड्याचं नव्हतंच. त्याचं भाडं रोज पहाटे अंधारात भरलं जात होतं, आणि भरणारी दुसरीच होती.

"माझं चुकलं," तो म्हणाला. हे शब्द त्याला सवयीचे नव्हते, त्यामुळे ते जरा अडखळतच आले. "आता तू सांग. कुठलं घर?"

गिरजा चकित झाली. तीन महिन्यांत, खरं तर लग्न झाल्यापासून, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. पण उत्तर तिच्याजवळ केव्हाचं तयार होतं.

"नदीकाठचं. तिथे विहीर दारात आहे. संध्याकाळ मोकळी मिळेल, चिमाच्या वेण्या घालता येतील मला. पण बांधावर तुम्हाला जावं लागेल, दर बाजाराला. ते टळायचं नाही."

"जाईन."

"कुरकुर न करता?"

बहिरूने डोकं खाजवलं. "ते हळूहळू जमेल," तो म्हणाला, आणि गिरजा हसली.

दोघं आत गेली. बहिरूने सिदोबाला सांगितलं, "दादा, डोंगर सोडला. नदीकाठी महिन्याला एकच घोंगडं उरतं. त्यासाठी बांधावर मी जातो, आणि सूत कातणाऱ्या हातांना दुसरं ओझं नाही."

सिदोबा उठला, चिमाचं गाठोडं कधीचं बांधून ठेवलेलं होतं ते त्याने फळीवरून काढलं आणि बहिरूच्या हातात दिलं. "मी एकच मागितलं होतं," तो म्हणाला. मग तो भाचीला दारापर्यंत पोचवायला आला, आणि दारातून पुढे वेशीपर्यंत, आणि वेशीतून अजून थोडा पुढे.

कारभाऱ्याने नाव लिहून घेताना विचारलं, "अरे, डोंगरावर तुझी दोन उरत होती म्हणतोस, आणि एक उरतं तिथे चाललास? हिशेब येत नाही वाटतं?"

"येत नव्हता," बहिरू म्हणाला. "त्या दोनातलं एकही मी कमावलेलं नव्हतं, कारभारी."

पुढे ती तिघं नदीकाठी राहिली. गिरजाचे तळवे बरे झाले, सूत पुन्हा बारीक आणि सलग निघू लागलं, आणि काही महिने एकाची दोन घोंगडीही उरली. बहिरू बांधावर जात राहिला. पहिलं वर्षभर कुरकुरला, दुसऱ्या वर्षी नव्या लोकांना पाटी कशी भरायची ते शिकवायला लागला. मोजायची हौस काही सुटली नाही, पण आता तो महिनाअखेरीला आधी गिरजाला विचारायचा, "तुझं काय गेलं या महिन्यात?" आणि मगच घोंगड्यांना हात लावायचा.

एका बाजाराच्या दिवशी त्यांच्या बुडालेल्या गावातला भिवा कुंभार मडकी विकायला आला. त्याने डोंगरावरचं घर घेतलं होतं. पाठीमागून त्याची बायको डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन येत होती. बहिरूला बांधावर बघून भिवाला हसू फुटलं.

"काय रे बहिरू, अजून माती वाहतोस? आमच्याकडे ये एकदा. घर बिनभाड्याचं, पाणी फुकट."

"पाणी कोण आणतं?" बहिरूने विचारलं.

"कोण म्हणजे? पाणी घरात असतंच की," भिवा म्हणाला आणि आणखी मोठ्याने हसला.

त्याची बायको हसली नाही. तिने पाटी खाली उतरवली होती आणि ती दोन्ही हातांनी मान चोळत होती. बहिरू तिच्याकडे बघत राहिला. तो कुठे बघतोय म्हणून भिवाही मागे वळला, आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

त्या संध्याकाळी बाजार उठला तेव्हा उरलेल्या मडक्यांची पाटी भिवाच्या डोक्यावर होती. लोकांनी बघितलं, दोघा-चौघांनी कोपरखळ्याही मारल्या, पण त्याने पाटी खाली ठेवली नाही. पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत त्याने डोंगरावरच्या घरामागे छपराचं पाणी साठवायला टाकं खणलं. ते बघून वरच्या आणखी चार घरांनी खणलं. डोंगरावरची घरं अजूनही बिनभाड्याची आहेत, आणि आता ती खरोखरच स्वस्तही झाली आहेत.

म्हणून घर महिन्याला किती घेतं ते जरूर मोजावं, पण ते कोणाकडून घेतं हे आधी मोजावं.